सरळ रेषेचा घाट

सकाळी ६.४०

फ्रीमाँटच्या फलाटावर बार्टची, म्हणजे इथल्या लोकलची, गाडी आली तशी अण्णांनी आधी चालकाची केबिन पाहिली, मग डबा. चालक बाई होत्या. अण्णांनी मान डोलावली आणि खिशातल्या डायरीत वेळ टिपली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. चिपळूण आगारात एसटी चालक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, आणि तिचा बराचसा भाग कुंभार्ली घाटात गेला. चिपळूण-कराड, कराड-चिपळूण. आता अमेरिकेत लेकीकडे सहा महिने राहायला आलेत. इथे आल्यापासून त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर बसवून देवळं, मॉल आणि ओळखीच्यांची घरं दाखवली जातात. चाळीस आसनांची गाडी घाटातून नेलेल्या माणसाला आम्ही पट्टा बांधून मागे बसवतो, हे मलाच बघवेना. म्हणून मधल्या वारी रजा टाकली. बेत असा, की सॅन फ्रान्सिस्कोत दोन माणसांची छोटी भाड्याची गाडी घ्यायची आणि दिवसभर टेकड्यांवर हिंडायचं. अण्णा याला सहल म्हणायला तयार नाहीत. "आज ड्युटी आहे," असं त्यांनी कालच जाहीर केलं, आणि थालीपिठांचा डबा स्वतः भरून घेतला.

९.०५

एम्बार्काडेरोला उतरून एफ मार्गाच्या जुन्या ट्रामने बंदरावर आलो. भाड्याच्या दुकानाबाहेर त्या पिवळ्या गाड्या ओळीने उभ्या. छत नाही, दारं नाहीत. पुढे दोन चाकं, मागे एक. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही तर आपली रिक्षा पाठमोरी."

स्टिअरिंगच्या जागी स्कूटरचा दांडा. परवाना साध्या मोटारीचा चालतो, पण हेल्मेट सक्तीचं. गाडीत जीपीएसवर चालणारा एक आवाज असतो. तो वळणं सांगतो आणि अधूनमधून इतिहासही. इंजिन ४९ सीसी. हे ऐकून अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ साली आली ती ५० सीसीची. चढावर पायडल मारायला लागायचं, ते त्यांना पुरतं आठवत होतं.

"गिअर किती?"

"नाहीत. आपोआप."

"मग उतारावर इंजिनाने कशी आवरायची?"

दुकानातल्या पोराला मी प्रश्न समजावला. तो हसला आणि ब्रेककडे बोट दाखवलं. अण्णा हसले नाहीत. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात.

पोराने नकाशा दिला. त्यावर काही रस्ते लाल पेनाने खोडलेले होते, तिथे न्यायची नाही. गोल्डन गेट पुलावरही न्यायची नाही. सही केली. दांडा माझ्या हाती, अण्णा शेजारी.

९.४०

हाइड आणि बीच या रस्त्यांच्या कोपऱ्यावर केबल कारचं फिरतं चाक आहे. गाडी लाकडी तबकडीवर येते आणि तिचे चालक-वाहक ती हातांनी ढकलून उलट तोंडाची करतात. आम्ही ते बघून पोक स्ट्रीटने लांबचा फेरा घेत रशियन हिलवर चढलो. इंजिन सगळा वेळ एका सुरात ओरडत होतं. गाडी इतकी बुटकी आणि उघडी, की चढ लागला की पाठ सीटला चिकटते, आणि अंगालाच कळतं रस्ता किती उभा आहे ते. बंद मोटारीत हे कधी जाणवलं नव्हतं.

फिल्बर्ट स्ट्रीट खोडलेल्यांपैकी एक. गाडी वर ठेवून आम्ही त्याच्या तोंडाशी चालत गेलो. हाइड ते लेव्हनवर्थ या टप्प्यात त्याचा उतार साडेएकतीस टक्के आहे. म्हणजे सव्वातीन फूट पुढे गेलं की एक फूट खाली. कडेला उभं राहिलं तर पुढचा रस्ता दिसतच नाही. डांबर संपतं, मग थेट समोरच्या टेकडीवरचा कॉइट टॉवर आणि मागे खाडी.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "वळण का नाही दिलं?"

प्रश्न नेमका होता. आपल्याकडे घाटरस्त्याचा चढ साधारण वीस फुटांना एक फूट धरतात, अगदीच नाइलाज झाला तर चौदा फुटांना एक. त्यासाठी रस्ता डोंगराच्या कलाने जातो, लांबतो, मागे वळतो. बोरघाटात शिंगरोबा धनगराचं देऊळ आहे. इंग्रजांना वाट त्याने दाखवली अशी कथा सांगतात. ती खरी असो-नसो, डोंगर ज्याच्या पायाखालचा त्याला वाट विचारावी एवढं त्या कथेला ठाऊक आहे.

इथे कुणी विचारलं नाही. १८३९ मध्ये पहिला आराखडा झाला तेव्हा हे येर्बा बुएना नावाचं चिमुकलं गाव होतं. १८४७ मध्ये जॅस्पर ओफॅरेल या मोजणीदाराने तो आराखडा वाढवला आणि चौकोनांचं जाळं टेकड्यांवरून तसंच पुढे ओढलं. चौकोनी भूखंड मोजायला सोपे, विकायला त्याहून सोपे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि माणसांचा लोंढा आला. मग कोण थांबून रेषा वळवणार?

"म्हणजे कागदावर रस्ता आधी," अण्णा म्हणाले, "आणि वर जायचं कसं ते नंतर."

नंतर म्हणजे किती? अँड्र्यू हॅलिडीने क्ले स्ट्रीटवर पहिली केबल कार चालवून दाखवली ती ऑगस्ट १८७३ मध्ये. मधली सव्वीस वर्षं घोडे चढत होते, आणि ओल्या दगडांवर घसरतही होते.

परत येताना अण्णा थांबले ते रस्त्याकडेच्या मोटारींपाशी. प्रत्येकीची पुढची चाकं फुटपाथच्या कडेला टेकवलेली. तीन टक्क्यांहून जास्त उतार असेल तर या शहरात चाकं वळवूनच गाडी उभी करावी लागते, नाहीतर दंड. गाडी खाली तोंड करून असेल तर चाकं कडेकडे, वर तोंड असेल तर कडेपासून उलट. "चाकाखाली दगड ठेवतो तेच की हे," अण्णा म्हणाले. त्यांना शहर पहिल्यांदा आवडलं ते इथे.

१०.३०

लॉम्बार्ड स्ट्रीट. जगातले लोक ज्याचे फोटो काढायला येतात तो विटांचा, आठ वळणांचा, फुलझाडांतला रस्ता. रांगेत अर्धा तास गेला. खाली उतरायला मोटारींना ताशी पाच मैलांची मर्यादा आहे, म्हणजे चालणारे आपल्या पुढे जातात.

इथला मूळ उतार सत्तावीस टक्के. १९२२ मध्ये या एका टप्प्यापुरती वळणं दिली, आणि सुमारे ४१२ फुटांचं सरळ अंतर ६०० फुटांचं झालं. अण्णांनी मनात भागाकार केला. "दीडपट. एवढंच तर करायचं असतं." आजूबाजूला लोक किंचाळत होते, हात उंचावून फोटो काढत होते. आठ वळणांवर माणसाला इतका आनंद होतो हे अण्णांना पटत नव्हतं. कुंभार्लीत सकाळच्या फेरीला प्रवासी याहून जास्त वळणं झोपेत पार करतात, असं त्यांनी मला ऐकवलं. मला मात्र हा रस्ता खरंच मौजेचा वाटतो. सगळं शहर सरळ असल्यावर जो एक रस्ता वाकतो तोच प्रेक्षणीय ठरतो.

११.१५

खाली उतरून पश्चिमेकडे. एका चौकात चारी बाजूंना 'थांबा'च्या पाट्या. जो आधी पोचला तो आधी जाणार, असा नियम. समोर पांढरी मोटार येऊन थांबली, छतावर गरगरणारं यंत्र. आत कुणीच नाही. अण्णांनी दोनदा वाकून पाहिलं.

"ड्रायव्हर कुठाय?"

"नाही. आपली आपण चालते."

मोटारीने आम्हाला आधी जाऊ दिलं. अण्णा पुढे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाट दिली मात्र. आमच्यातले काही देत नसत."

वेबस्टर आणि फिल्बर्टच्या कोपऱ्यावर वेदान्त सोसायटीचं जुनं मंदिर आहे. तोच फिल्बर्ट, सकाळी ज्याच्या कडेला उभे होतो. रेषा पश्चिमेकडे तशीच सरळ आली आहे आणि इथे जमीन शहाण्यासारखी वागते. पाश्चात्त्य देशांतलं हे पहिलं हिंदू मंदिर मानलं जातं. विवेकानंदांचे गुरुबंधू त्रिगुणातीतानंद यांनी ते उभारलं. लाकडी व्हिक्टोरियन घरावर वेगवेगळ्या घडणीचे घुमट-मनोरे बसवलेत. एक बंगाली देवळासारखा, एकात ताजमहालाची आठवण. जानेवारी १९०६ मध्ये उद्घाटन झालं, आणि १८ एप्रिलच्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप. मंदिर वाचलं. अण्णांनी चपला काढून बाहेरूनच नमस्कार केला आणि परत येऊन आमच्या गाडीची चाकं कडेला नीट टेकलीत का ते पाहिलं.

दुपारी १२.१०

मरीना सपाट आहे, कारण ती भरावाची जमीन आहे. १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी इथे मोठी नगरी उभी केली होती, त्यातला पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स तेवढा लोकांनी जाऊ दिला नाही, आणि साठच्या दशकात तो पक्क्या बांधकामात पुन्हा उभारला. १९८९ च्या भूकंपात शहराच्या या सपाट भागाने फार मार खाल्ला. भराव थरथरला की पाण्यासारखा वागतो. टेकड्यांचा खडक टिकला. म्हणजे चढ नको म्हणून खाली राहायला यावं, तर तेही फुकट नाही.

पुलाच्या अलीकडे, खाडीकाठच्या गवतावर डबा उघडला. थालीपीठ, दही, लसणीची चटणी. जुलै महिना आणि अण्णा स्वेटर, कानटोपी, वर माझं जाकीट अशा थाटात. पूल निम्माच दिसत होता; मनोऱ्यांची टोकं धुक्यात. उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यांची जमीन तापते, तिथली हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड, ओली हवा ओढली जाते. डोंगररांगेत तिला शिरायला मोठी खिंड ही एकच. त्यामुळे जुलैत इथे कुडकुडायचं आणि तासाभराच्या अंतरावर फ्रीमाँटला पंखा लावायचा.

पूल २७ मे १९३७ ला खुला झाला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,२८० मीटर. त्याआधी पलीकडे जायला फेरीबोट. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे पलीकडच्या सॅन राफाएलच्या लष्करी शाळेत शिकले तेव्हाही पूल नव्हता. हे मी सांगितलं तेव्हा अण्णांनी घास थांबवला. "आपले वर्ध्याचे? इथे?" मी म्हटलं, दुपारी दाखवतो.

२.००

प्रेसिडिओची झाडी, मग गोल्डन गेट पार्कची कडा. वाळूच्या टेकड्यांवर माणसांनी लावलेलं हे हजार एकरांवरचं रान आहे, पण त्याच्या पूर्वेकडच्या मुख्य रस्त्यावर आता मोटारींना बंदी, म्हणून आम्ही बाहेरूनच गेलो. अण्णांना इथे दहा मिनिटं डुलकी लागली. गाडीतला आवाज तेवढ्यात हिप्पींबद्दल काही सांगत होता. मी तो बंद केला.

३.००

अलामो स्क्वेअरची ती रंगीत घरांची रांग पाहिली. छान आहे. फोटोत जेवढी छान दिसते तेवढीच.

मला अण्णांना दाखवायचं होतं ते त्याच्या खाली आहे आणि कुठल्याही पोस्टकार्डावर नाही. मार्केट स्ट्रीटकडून पश्चिमेला जायचं तर मधे टेकड्या. सायकलवाल्यांनी त्यातून एक वाट काढली आहे: डुबोस, स्टाइनर, वॉलर, पिअर्स, हेट, स्कॉट. एक चौक सरळ, मग उजवीकडे, पुन्हा एक चौक, मग डावीकडे. तिला 'द विगल' म्हणतात. एकेकाळी इथून ओढा वाहायचा आणि वाट त्याच खोलगटीतून जाते. चढ सरासरी तीन टक्के, सहाच्या वर कुठेच नाही. आता रस्त्यावर हिरवे पट्टे आणि बाण रंगवलेत, पण शोध लोकांच्या पायांचा.

आम्ही ती उलट्या बाजूने, मोटारीला जिथे मुभा होती तेवढीच उतरलो. दोन्ही बाजूंना कोपऱ्या-कोपऱ्यावर उभे चढ वर जात होते आणि आम्ही मधून ब्रेक न लावता घरंगळत होतो. अण्णा एकदम सरसावून बसले. जास्तीत जास्त सहा टक्के! हे त्यांच्या ओळखीचं गणित होतं. "जावईबापू, हा घाट आहे," ते म्हणाले. "चौकटीत लपवलेला." मग एका वळणावर, समोरून चढत येणाऱ्या सायकलवाल्या मुलीला मी थांबून वाट द्यावी म्हणून त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. चढणाऱ्याला वाट आधी. तिने हात हलवला. अण्णांनी रीतसर सलाम केला.

३.५०

टेकड्या ओलांडून मिशन भागात आलं की धुकं मागे अडतं आणि ऊन लागतं. अण्णांची कानटोपी निघाली.

ट्वेंटिएथ आणि चर्चच्या कोपऱ्यावर एक सोनेरी रंगाचा नळखांब आहे, आगीच्या बंबांना पाणी पुरवणारा. १९०६ च्या भूकंपात जलवाहिन्या फुटल्या आणि शहराचं कंपापेक्षा आगीने जास्त नुकसान झालं. बाकीचे खांब कोरडे पडले असताना याला पाणी होतं, म्हणून हा भाग वाचला. दर १८ एप्रिलला पहाटे लोक जमून त्याला नव्याने सोनेरी रंग देतात. शेजारून जे-चर्च मार्गाची ट्राम गेली. १९१७ ची ही लाइन चर्च स्ट्रीटचा उभा चढ टाळते; मधेच रस्ता सोडून ती डोलोरेस पार्कच्या कडेने, घरांच्या मागून वळसा घालते आणि पुढे पुन्हा रस्त्याला लागते. "हिच्या इंजिनीअरला कळत होतं," अण्णांचा शेरा.

तिथून दोन चौकांवर हिल स्ट्रीट. दोन्ही बाजूंना राहती घरं, चढावर झाडं. १९१३ मध्ये इथल्या ४३६ क्रमांकाच्या घरात, इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या गदर पक्षाचा 'युगांतर आश्रम' होता. १ नोव्हेंबर १९१३ ला पक्षाच्या 'गदर' या पत्राचा पहिला अंक निघाला, उर्दूत. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना ही नावं इतिहासाच्या पुस्तकात असतात. खानखोजे याच चळवळीतले, आणि शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही. पिंगळे शिकायला म्हणून अमेरिकेत आले होते. १९१४ मध्ये उठावासाठी परत गेले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. शहराच्या दुसऱ्या भागात, वुड स्ट्रीटवर, गदर स्मारकाची इमारत आहे. पण अण्णांना तिथे जाण्यापेक्षा इथेच थांबायचं होतं.

"हे सगळं शिरूर तालुक्यातल्या पोराने चढून यायचं," ते चढाकडे बघत म्हणाले. मग डायरी काढून पिंगळ्यांचं गाव आणि तारीख लिहून घेतली. गावी गेल्यावर शाळेत सांगायचंय म्हणाले.

जवळच ट्वेंटी-सेकंड स्ट्रीटचा एक तुकडा आहे, फिल्बर्टएवढाच उभा, साडेएकतीस टक्के. तो खालून पाहिला. नकाशावर तोही खोडलेला होता. अण्णांनी पावलं टाकून अंदाज घेतला आणि मान हलवली: रिकाम्या गाडीनेही नको.

५.१५

एम्बार्काडेरोच्या सपाट रस्त्याने परत. डावीकडे टेलिग्राफ हिल. तिच्या पूर्वेच्या कड्याशी तो फिल्बर्ट पुन्हा भेटतो, आणि तिथे तर मोटार जाणंच शक्य नाही, म्हणून रस्त्याचा जिना झालाय. नाव तेच, रेषा तीच, डांबराच्या जागी पायऱ्या. शहराने माघार घेतली पण नकाशा बदलला नाही. पावणेदोनशे वर्षं असंच चाललंय: केबल कार काढली, एका टप्प्याला वळणं दिली, बोगदे खणले, ट्रामला घरांच्या मागून नेली, चाकं कडेला टेकवायचा कायदा केला. रेषा मात्र जागची हलली नाही. मला यात थोडा हट्ट दिसतो आणि थोडी ऐट. अण्णांना फक्त खर्च दिसतो.

गाडी परत केली. अण्णांनी पोराला ब्रेक हलका लागतोय, घट्ट करून घे, असं खुणेने सांगितलं. त्याने लगेच पाना आणला.

६.१०

परतीला केबल कार. अण्णा बाहेरच्या फळीवर न बसता आत, ग्रिपमनच्या अगदी मागे उभे. रस्त्याखाली पोलादी दोर ताशी साडेनऊ मैलांनी अखंड फिरत असतो; ग्रिपमन लांब दांड्याने त्याला पकडतो आणि गाडी ओढली जाते, सोडतो आणि ती सुटते. ब्रेक तीन: एक चाकांना, एक थेट रुळांवर दाबला जाणारा लाकडी ठोकळ्यांचा, आणि तिसरा संकटकाळचा, रुळांमधल्या फटीत पोलादी पाचर ठोकणारा. मागे कंडक्टर. तो चालकाशी घंटीने बोलतो.

अण्णा इतका वेळ नुसते त्या माणसाच्या खांद्यांकडे बघत होते. सगळं अंग दांड्यावर रेलून तो दोर सोडत होता. एका थांब्यावर त्यांनी मला विचारायला लावलं, की ते लाकडी ठोकळे किती टिकतात. ग्रिपमन म्हणाला, दोन-तीन दिवस, मग बदलायचे. मी सांगितलं की हेही चालक होते, डोंगरात बस चालवायचे. त्याने मागे वळून अण्णांचा हात हातात घेतला आणि विचारलं, सगळ्यात मोठा चढ किती टक्के? अण्णा म्हणाले, सात. तो हसला आणि म्हणाला, बर्नल हाइट्समध्ये ब्रॅडफर्ड स्ट्रीट आहे, तिचा एक तुकडा एक्केचाळीस टक्के भरतो.

पॉवेलला उतरून बार्टच्या जिन्याकडे जाताना अण्णा थांबले.

"एक्केचाळीस म्हणजे अडीच फुटांना एक. जावईबापू, तिथे बस जाते का ते विचारून ठेवा. आणि पुढची रजा कधी मिळते तेही."